नवजात बाळासाठी आशाताईंची घरभेट: आराखडा उत्तम, साखळी मध्येच तुटते

नवजात बाळाला घरी येऊन तपासायच्या या सेवेइतकी नेमकी आखलेली सरकारी सेवा क्वचितच सापडेल. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, घरी येतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. पैसे लागत नाहीत, पिवळं रेशनकार्डही कोणी विचारत नाही. आराखड्याला पाचपैकी साडेचार गुण, प्रत्यक्ष कामाला तीन.

या सेवेची मुळं गडचिरोलीत आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नुसता दवाखाना बांधून भागत नाही, बाईला मोकळेपणी बोलता येईल अशी शिकवून तयार केलेली बाई तिच्या दारात पोचली पाहिजे, ही दिशा राणीताईंच्या सगळ्या कामात दिसते. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. तो निकाल १९९९चा. २०११ पासून तीच कल्पना ‘एचबीएनसी’ (नवजात बाळाची घरच्या घरी काळजी) या नावाने देशभर आशांकडे आली.

चांगली भेट ओळखायची कशी? ताई आधी साबणाने हात धुतात, बाळाला नंतर हात लावतात. थर्मामीटर काखेत धरतात, ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असेल तर ठीक. मग श्वास. बाळ शांत असताना अंगडं वर करून पोटाची हालचाल पाहायची आणि घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं चूक, कारण नवजात बाळ काही क्षण भरभर श्वास घेतं आणि मध्येच थांबतं. आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढाच आला किंवा छाती आत ओढली जात असेल, तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. बाळ ओढून पीत नसेल, रडणं क्षीण झालं असेल, हातपाय लुळे पडले असतील, अंग गार लागत असेल, तरीही तेच.

वजनात सगळ्यात जास्त गफलत होते. झोळीच्या ताणकाट्याची स्प्रिंग वापरून सैल पडते आणि रिकामी झोळी लावल्यावरही काटा शून्यावर येत नाही. आधी शून्य जुळवून घ्यायला सांगा, शंका वाटली तर मिठाचे एक किलोचे दोन पुडे टांगून बघा. काटा वाचताना डोळ्यांसमोर, त्याच उंचीवर हवा. तिसऱ्या दिवशी वजन जन्मापेक्षा थोडं कमी भरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन आठवड्यांत ते भरून निघायला हवं, म्हणून चौदाव्या दिवसाचं वजन चुकवू नका. जन्मवजन अडीच किलोच्या खाली असेल तर आईच्या उघड्या छातीशी बाळ धरायची कांगारू पद्धत ताईंकडून करून घ्या, नुसती ऐकून सोडू नका.

भेटी बुडतात त्या मुख्यतः माहेरपणामुळे. नाव सासरच्या गावच्या रजिस्टरात, बाळंतीण माहेरी. इकडच्या ताईंना वाटतं तिकडे भेट झाली, तिकडच्यांना बाळ आल्याचाच पत्ता नसतो. सातव्या महिन्यातच दोन्हीकडच्या ताईंना कळवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. सिझेरियन असेल तर तिसरा दिवस दवाखान्यातच जातो. म्हणून घरी पोचल्या दिवशीच फोन करा.

खरी तूट पुढच्या टप्प्यात आहे. गडचिरोलीच्या मूळ प्रयोगात जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की आरोग्यदूत, म्हणजे शिकवून तयार केलेली गावातलीच बाई, घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत असे. राष्ट्रीय योजनेत आशांचं काम लक्षणं ओळखून पाठवण्यापुरतं; इंजेक्शन उपकेंद्राच्या सिस्टरकडे. सिस्टर गावात नसतील आणि रात्रीची वेळ असेल, तर अचूक निदान होऊनही हातात उरते ती फक्त चिठ्ठी. आजारी बाळासाठी सरकारी गाडी आणि सरकारी दवाखान्यातले उपचार फुकट आहेत. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आणि आई? तिचा रक्तस्राव, ताप, दुखरे स्तन, टाक्यांची जागा, सगळं विचारायचं असतं. पण बाळाचं मोजमाप होईपर्यंत भेट संपत आलेली असते आणि खोलीत सासूबाई, नणंद बसलेल्या असतात. राणीताईंनी ज्या दुखण्यांना वाचा फोडली, ती अशा वेळी पुन्हा गप्प राहतात. घरच्यांनी पाच मिनिटं बाहेर जावं. इतकी साधी गोष्ट, पण तिने फार फरक पडतो.

नाळेवर तेल-हळद, बाळगुटी, धुरी याला ताई नको म्हणतात, तेव्हा आजीबाईंशी वाद घालायची वेळ त्यांच्यावर आणू नका. तेवढं घरातल्यांनी निभवावं. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की केंद्राच्या दराने ताईंना मिळतात एकूण २५० रुपये, आणि तेही अनेकदा उशिरा. इतक्या जबाबदारीच्या कामाचा हा मोबदला अन्यायाचा आहे. भेट बुडाली तर आधी ताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना विचारा. त्यांचा नंबर उपकेंद्रात मिळतो. तिथे दाद लागली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, सोबत कार्डाच्या रिकाम्या रकान्यांची झेरॉक्स जोडा.