चांद्रपोशाखाची प्रतिकृती करायचीय: ए७एल, ए७एलबी की क्रेचेत?

प्रदर्शनासाठी चांद्रवीराचा पोशाख शिवायला घेताय, तर आधी एवढंच ठरवा: आतला माणूस उभा राहणार की बसणार?

अपोलो ११ ते १४ मधला ए७एल हा उभ्या माणसाचा पोशाख. त्याची चेन पाठीवरून उतरून दोन पायांमधून पुढे येते, त्यामुळे कमरेत सांध्याला जागाच उरत नाही. अपोलो १५ पासून रोव्हर, म्हणजे चंद्रावर चालवायची गाडी, आला आणि बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून ए७एलबीत चेन उजव्या खांद्याकडून डाव्या कमरेकडे तिरकी नेली, आणि कमरेत व मानेत चुण्यांचे सांधे घातले.

समोरून ओळख पटते ती छातीवर. नळ्यांची तोंडं ए७एलवर दोन समांतर रांगांत, तर ए७एलबीवर दोन त्रिकोणांत असतात. ऑक्सिजन आत येतो ते तोंड निळं, बाहेर जातो ते लाल. हातापायांवरचे लाल पट्टे फक्त कमांडरला, आणि चंद्रावर ते अपोलो १४ पासूनच दिसले. आर्मस्ट्राँगच्या पोशाखाला लाल पट्टे लावलेत, की जाणकार लांबूनच हसणार.

आतला दाब दोन्हींत ३.७ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे आपल्या हवेच्या साधारण पाव. तेवढ्यानेही हातमोजा फुग्यासारखा ताठतो. मूठ वळायची म्हणजे दर वेळी त्या फुग्याशी झोंबायचं. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटची नखं दुखावली ती त्यातूनच. प्रतिकृतीत बोटं सैल, लोंबती ठेवू नका. किंचित वाकलेली आणि टम्म हवीत.

अपोलो ११ ची यानाबाहेरची फेरी अडीच तासांची, तर अपोलो १७ च्या तीन फेऱ्या मिळून २२ तासांच्या. त्यामुळे ए७एलबी करणार असाल तर धुळीत कंजुषी नको. ती करडी लावा, तपकिरी नको. गुडघ्याखाली दाट, वर विरळ. तिथे वारा-पाणी नसल्याने कणांच्या कडा बोथट होत नाहीत. चेन आणि मनगटाची कडी आखडायची ती याच धुळीने.

सोव्हिएत क्रेचेतचं गणितच वेगळं. धड अ‍ॅल्युमिनियमचं कडक, पाठीवरची पिशवी हाच दरवाजा. मागून आत शिरायचं नि तो लावून घ्यायचा. एन-१ रॉकेटची चारही उड्डाणं फसल्याने तो चंद्रावर गेला नाही, पण यानाबाहेर काम करताना घालायचा आजचा रशियन पोशाख ऑर्लान त्याचाच वंशज. दिवसातून दहादा घालायचा-काढायचा असेल, तर चेनच्या भानगडीत न पडता हाच करा. मात्र बिजागरी पाठीच्या एकाच कडेला बसवा. वर बसवलीत तर दार डोक्यावर आदळेल.