भिंतीवरचे सॉकेट मला दिसले होते

देवळाली कॅम्पातून बदली झाली आहे, घरातले सामान विकायचे आहे, असे सांगणाऱ्या एका माणसाने स्क्रोल सॉ, म्हणजे लाकडात बारीक नक्षी कापणारी यांत्रिक करवत, देतो म्हणून आम्हा तिघांचे 28,500 रुपये लुबाडले. गणवेशातला फोटो, ओळखपत्र आणि ‘काका, निश्चिंत राहा’ हे आदबशीर बोलणे, हे सोंग वाचकांनी ऐकलेले आहे; मीही ऐकले होते. तरीही फसलो. हे लिहिताना मान खाली जाते, पण नाशकात हा छंद असणारे आणखीही लोक आहेत आणि त्यांच्यापैकी कोणी त्याच जाहिरातीवरच्या क्रमांकाला फोन करण्याआधी हे त्यांच्या वाचनात यावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मी, शेजारचे निवृत्त शिक्षक आणि त्यांची सून, असे आम्ही तिघे गेली चार वर्षे दर रविवारी इंदिरानगरातल्या माझ्या घराच्या पार्किंगमध्ये लाकडातले जाळीकाम करतो. आमचे यंत्र 16 इंची आहे, म्हणजे पात्यामागे फळी फिरवायला तेवढीच जागा. मखरासाठी दोन फूट रुंद प्लायवर नक्षी कापायची म्हटले, की वळणावर फळी फिरवताना तिचा कोपरा मागच्या बाजूला अडतो, आणि वेग वाढवला की टेबल थरथरून बारीक पाते तुटते. जाळीतल्या प्रत्येक पोकळीसाठी भोक पाडायचे, पाते सोडवून त्यातून ओवायचे, पुन्हा ताणून बसवायचे, ही मेहनत ज्याने केली आहे त्यालाच 20 इंची, न थरथरणाऱ्या यंत्राची ओढ कळेल. सरकारवाड्यातल्या लाकडी नक्षीसारखी एक मोठी महिरप करायची, हे सरांच्या मनात दोन वर्षांपासून होते. नवे परदेशी यंत्र आमच्या आवाक्यात नव्हते, त्यामुळे जुन्या यंत्राची जाहिरात दिसताच आम्ही हरखलो, यात आमचा फार मोठा दोष होता असे मला अजूनही वाटत नाही.

शिवाय हा माणूस अडाण्यासारखा बोलत नव्हता. पाते पिनचे, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेले, लागते की बिनपिनचे, असे मी मुद्दाम विचारले. त्याने बिनपिनचे, पाच इंची, असे बरोबर सांगितले. खालच्या बाजूने प्लायच्या चिरफळ्या उडू नयेत म्हणून खालचे काही दात उलटे असलेले पाते वापरतो, हेही तो आपण होऊन बोलला. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत चालू यंत्राच्या टेबलावर एक नाणे कडेवर उभे होते आणि पडत नव्हते. कंपन तपासण्याची ही रीत आम्हाला ठाऊक होती, म्हणून त्या नाण्याकडेच तिघांचे डोळे लागले.

आणि त्या नाण्याच्या मागे, भिंतीवर, ते सॉकेट होते.

सातपूरच्या एका कारखान्यात मी 31 वर्षे विद्युत देखभालीचे काम केले. दोन उभ्या चपट्या खाचा आणि त्यांच्या खाली एक भोक, असे ते सॉकेट होते. आपल्याकडच्या घरांत गोल पिनांची सॉकेट असतात, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. हे अमेरिकेतले, 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचे. मला ते दिसले. मी व्हिडिओ थांबवला, सरांना दाखवले आणि त्या माणसाला फोनही केला. ‘काका, यंत्र बाहेरून आणलंय ना, ट्रान्सफॉर्मर लावलाय,’ असे तो म्हणाला आणि मी ‘अच्छा’ म्हणालो. ट्रान्सफॉर्मर लावल्याने देवळालीतल्या क्वार्टरच्या भिंतीवरचे सॉकेट बदलत नाही, हे मला त्या क्षणी सुचले नाही. तो व्हिडिओ परदेशातल्या कोणाच्या तरी वर्कशॉपमधून उचललेला होता. फोन ठेवल्यावर 11 मिनिटांनी मी आगाऊ 3,500 रुपये पाठवले. रात्री झोप येत नाही तेव्हा त्या 11 मिनिटांचीच आठवण येते.

सौदा 34,500 रुपयांना ठरला होता. यंत्र बघायला येतो म्हटल्यावर ‘बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, लष्करी गाडीच घरपोच आणून देईल’ असे उत्तर मिळाले. कॅम्प माझ्या घरापासून स्कूटरवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. पण पहारा असलेल्या फाटकावर जाऊन उभे राहायचे तरी कसे, या संकोचाने आम्ही गेलो नाही. विक्रेता बघू देत नसेल, तर कारण कितीही पटणारे असो, सौदा तिथेच सोडा. दुसऱ्या दिवशी निम्म्या किमतीचा हिशेब पुरा करायला 13,750 रुपये गेले. मग गेट पासची अनामत म्हणून 6,900 आणि वाहतुकीच्या विम्याचे 4,350. दोन्ही रकमा यंत्र पोहोचताच परत मिळणार होत्या. पैसे पाठवताना पडद्यावर एका बाईचे नाव येत होते आणि ते ‘मिसेसचे खाते’ होते. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, मग खाते कोणाचेही सांगोत. त्यानंतर त्याने आणखी 9,999 मागितले, तेव्हा सरांच्या सुनेने त्याला सांगितले की आत्ता व्हिडिओ कॉलवर या आणि आमच्यासमोर प्लायवर ‘श्री’ अक्षर कापून दाखवा. तो क्रमांक पुन्हा लागला नाही. हे आम्ही पहिल्याच दिवशी मागायला हवे होते. गेलेल्या पैशांत माझे 10,500, सरांचे 12,000 आणि सुनेचे 6,000 होते. ते सहा हजार तिने नावाच्या पाट्या विकून साठवले होते.

लाजेपोटी आम्ही दोन दिवस गप्प बसलो. तुम्ही दोन मिनिटेही बसू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवले, तर पैसे पुढे सरकण्याआधी समोरचे खाते गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही कळवले तोवर खाते रिकामे झाले होते.

ही चूक आमची. पण त्यानंतर जे सोसले ते आमच्या चुकीचे फळ नव्हते. पोलीस ठाण्यात अडीच तास बसवून आम्हाला सायबर विभागाकडे जायला सांगितले, आणि तिथून रक्कम लहान आहे म्हणून पुन्हा ठाण्याकडे पाठवले. सत्तरी ओलांडलेले सर त्या दिवशी तीन वेळा जिने चढले. हद्द आमची नाही, असे आम्हाला तोंडावर सांगितले गेले. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता घ्यावी लागते. ‘या वयात हे करवतीचं खेळणं कशाला हवं होतं?’ असे एका अंमलदाराने सरांना सगळ्यांसमोर विचारले. ज्याचे पैसे गेले त्यालाच आरोपीसारखे उभे करण्याचा अधिकार यांना कोणी दिला? बँकेत तर बसायलाही सांगितले नाही. ऑनलाइन फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे 2017 चे परिपत्रक मी दाखवले, तेव्हा ते ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे आणि पिन तुम्हीच टाकला, असे सांगून कागद माझ्याकडे सरकवला. नियम तसा असेलही. पण ज्या खात्यात पैसे गेले ते ओळख तपासून उघडले होते ना, या माझ्या प्रश्नाला शाखेत कोणाकडेही उत्तर नव्हते. पैसे पाठवल्याच्या पावत्या, क्रमांक आणि संभाषण पुसू नका, आणि पोचपावती घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावरून उठू नका. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. आज आमचा 34 वा दिवस आहे आणि ती तक्रार मी काल दाखल केली. गुन्हा नोंदवून घेत नाहीत म्हणून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने लेखी अर्जही पाठवला आहे.

परवा सुनेने मला एक नवी जाहिरात दाखवली. फोन क्रमांक वेगळा, बदली आता अहिल्यानगरहून, किंमत 29,000, आणि व्हिडिओ तोच: टेबलावर उभे नाणे आणि मागे दोन चपट्या खाचांचे सॉकेट. जाहिरात फसवी असल्याचे आम्ही तिघांनीही वेगवेगळे कळवले. आज सकाळपर्यंत ती तशीच होती.