एलएफटीपी: फक्त नव्या फायली उतरवायला फुकटचं, पण चोख

जळगावच्या केळी पेढीत किंवा धुळ्याच्या जिनिंगमध्ये बिलांच्या फायली रोज दूरच्या सर्व्हरवरून उतरवायच्या असतील, तर लिनक्सवर एलएफटीपी हे टर्मिनलवर आज्ञा टाइप करून चालवायचं फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सर्व्हरवरून फायली आणण्याच्या एफटीपी आणि एसएफटीपी (सुरक्षित) या दोन्ही पद्धती चालतात. सगळं काम 'मिरर' या एका आज्ञेत होतं: आकार आणि तारीख जुळली की फाइल सोडते, बाकीच्या आणते. 'कंटिन्यू' जोडलं की लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेली फाइल तिथूनच पुढे उतरते.

फसगत इथे होते. हे 'नवी' ओळखतं ते तुमच्या फोल्डरकडे बघून. काय उतरवलं याची वही ठेवत नाही. बिलं टॅलीत चढवून फाइल तिथून हलवली, की दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा हजर. म्हणून मिररच्या फोल्डरमधल्या फायली हलवू नका, कामाला प्रत काढा. नाहीतर 'न्यूअर-दॅन' लावून शेवटच्या दोनच दिवसांच्या फायली मागवा, म्हणजे निदान त्याहून जुन्या परत येत नाहीत.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) दर 15 मिनिटांनी लावताना 'एफलॉक' (एक फेरी चालू असताना दुसरी सुरू होऊ न देणारी आज्ञा) हवंच, नाहीतर संथ लाइनवर दोन फेऱ्या एकमेकींवर चढतात. टाइमआउट 30 सेकंद आणि पुनर्प्रयत्न 3 ठेवा. मिररला 'डिलीट' मात्र विचार करूनच जोडा. सर्व्हरवर पुसलेलं तुमच्याकडचंही जातं.

विंडोजवाल्यांनी याच कामाचं विनएससीपी हे सॉफ्टवेअर बघावं.