मार्श फनेल की हातचालित व्हिस्कोमीटर?

दख्खनच्या काळ्या कातळात बोअर हवेच्या दाबावर चालणाऱ्या हॅमरने घेतात, त्यामुळे तिथे ड्रिलिंग मडचा, म्हणजे भोकात फिरवून दगड-मातीचा चुरा वर आणणाऱ्या चिखलासारख्या द्रवाचा, प्रश्न सहसा येत नाही. पण तापी-पूर्णेच्या गाळात रोटरी रिगने ट्यूबवेल घेताना किंवा पायलिंगच्या (पायासाठी खोल खांब घालण्याच्या) भोकात बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती, भरताना मड किती दाट आहे आणि ते चुरा वर आणील का, हे जागेवरच कळावे लागते. कमी खर्चात हे मोजायचे, तर विचारात घेण्याजोगी उपकरणे दोन.

मार्श फनेल हे खाली नळी असलेले नरसाळे हॅलन मार्श यांनी 1931 मध्ये मांडले. तळाचे भोक बोटाने दाबून जाळीतून 1500 मिलीलिटर मड ओतायचे, बोट काढायचे आणि 946 मिलीलिटर खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. 21 अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्याला 26 सेकंद लागतात. अर्धा सेकंद इकडेतिकडे चालतो, त्याहून जास्त फरक पडला तर आधी नळी साफ करावी. एक लिटरच्या मापाने घेतलेली वेळ या आकड्यांशी ताडून पाहू नये. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे काही नाही, आणि सकाळपासून मड घट्ट होत चालले की पातळ, हे कोणताही कामगार सांगू शकतो. मात्र पातळी उतरते तसा प्रवाहाचा वेगही बदलत जातो, म्हणून हाती येणारा आकडा तुलनेपुरताच खरा असतो.

हाताने फिरवायचा व्हिस्कोमीटर, म्हणजे द्रवाची स्निग्धता (दाटपणा) मोजणारे उपकरण, मिनिटाला 600 आणि 300 फेऱ्यांवर रीडिंग देतो. दोन्हींतील फरक म्हणजे सेंटीपॉइज या स्निग्धतेच्या एककात प्लास्टिक व्हिस्कॉसिटी (वाहत्या मडचा अंतर्गत विरोध), आणि तो 300 च्या रीडिंगमधून वजा केला की उरतो यील्ड पॉइंट, जो मड चुरा किती उचलून धरील हे सुचवतो. एका मडची रीडिंग 40 आणि 28 आली, तर प्लास्टिक व्हिस्कॉसिटी 12 आणि यील्ड पॉइंट 16. दुसऱ्याची 40 आणि 23 आली, तर तेच आकडे 17 आणि 6. चुरा उचलण्यात पहिले उजवे. फनेलची एकच वेळ हा फरक वेगळा काढून दाखवू शकत नाही, आणि माझ्या मते याच एका कारणासाठी जास्तीचे पैसे मोजावेत.

उथळ भोक असेल आणि मड रोज त्याच बेंटोनाइटचे बनत असेल, तर फनेल पुरते. भोक खोल असेल, पॉलिमर मिसळत असाल किंवा चुरा तळाशी साचत असेल, तर व्हिस्कोमीटर घ्यावाच. फक्त हाताची गती एकसारखी ठेवावी आणि स्प्रिंग अधूनमधून ज्ञात स्निग्धतेच्या तेलाने तपासावी.