झाकण न ठेवता परतायला शिकलो: लोखंडी कढईचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनच्या सुरुवातीला सांगलीच्या गणपती पेठेतून पत्र्याची लोखंडी कढई आणली. बारा इंच तोंड, सपाट तळ, दोन्ही बाजूंना लोखंडाचेच कान, वजन दीड किलोच्या आतबाहेर. हॉटेलात मिळते तशी, करकरीत आणि ताटलीत पाणी न सोडणारी परतलेली भाजी मला घरी करायची होती. दोन वर्षं नॉनस्टिकमध्ये खटपट करूनही ती जमत नव्हती. ढोबळी मिरची मऊ पडायची, कोबी पाणी सोडायचा, सॉस घातला की सगळं पातळ व्हायचं. मी सॉस बदलून पाहिले. दोष सॉसचा नव्हताच.

इंग्रजीत ‘स्टर-फ्राय’ हा शब्द १९४५ साली बुवेई यांग चाओ या चिनी डॉक्टर बाईंनी आपल्या पाककृतींच्या पुस्तकात आणला. त्यांनी त्याची फोड करून सांगितली ती अशी: मोठी आच, थोडं तेल, चिरलेले जिन्नस, सतत हलवणं आणि चटकन उतरवणं. यात झाकण कुठेच नाही. आपल्याकडे मात्र परतणं म्हणजे फोडणीवर भाजी टाकायची, दोनदा उलथनं फिरवायचं आणि झाकण ठेवून वाफ काढायची. माझ्या हाताला तीच सवय होती. आई तर पहिल्या दिवसापासून मागे उभी राहून सांगायची, “अरे, झाकण ठेव की. कच्ची राहील ती.”

तळाशी पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या वर जात नाही. तो खमंगपणा, कडेला येणारे तांबूस डाग, हे सगळं साधारण १४० अंशांच्या पुढचं काम आहे. म्हणजे पाणी सुटलं की भाजी परतली जात नाही, शिजते. हे एकदा डोक्यात बसल्यावर पुढचं सगळं त्यातूनच सुचत गेलं.

आधी कढईबद्दल. नवीन कढईला गंज चढू नये म्हणून तेलकट लेप दिलेला असतो. तो साबण आणि तारेच्या घासणीने पूर्ण काढावा लागतो. मग पत्रा निळसर होईपर्यंत तापवायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की तेल लावलंय हे दिसताही कामा नये. मी पहिल्यांदा सढळ हाताने तेल लावलं. चिकट पुटं बसली, सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पातळ तीन थर दिल्यावर रंग काळसर झाला, आणि रोजच्या वापराने दिवाळीपर्यंत अंडंही चिकटेनासं झालं. जुलैच्या ओल्या हवेत एकदा कढई रात्रभर ओट्यावर ओली राहिली तर सकाळी तांबूस डाग! घासून, तापवून, तेलाचा हात फिरवला की ते जातात. आता धुतल्याबरोबर गॅसवर ठेवून कोरडी करतो.

रिकामी कढई मोठ्या बर्नरवर तापवायची. पाण्याचा थेंब टाकला तर तो नुसता चरचरून उडून जाता कामा नये, गोळी होऊन तळावर पळायला हवा. मगच तेल. सांगलीत लाकडी घाण्याचं शेंगतेल सहज मिळतं आणि चटणीला, भडंगाला मला तेच लागतं, पण इतक्या आचेवर ते फार लवकर धुरकटतं. इथे रिफाइंडच बरं.

माझी सगळ्यात मोठी चूक होती मापाची. चार माणसांची भाजी म्हणून अर्धा-पाऊण किलो एकदम टाकायचो. हॉटेलच्या भट्टीला ते झेपतं, घरच्या शेगडीला नाही; कढई क्षणात गार पडते आणि पाणी सुटायला लागतं. आता एका घाण्यात पाव किलोच. असे तीन घाणे, प्रत्येक दीड-दोन मिनिटांचा, आणि मध्ये कढई पुन्हा धुरावेपर्यंत थांबायचं. काढलेली भाजी परातीत पसरून ठेवतो, ढीग केला तर तिथेही वाफ धरते. शेवटी सगळं एकत्र करून अर्धं मिनिट. भाजी तासभर आधी धुऊन पंचावर सुकवणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं त्या दिवशी भाजी बिघडलीच.

गाजर आणि फरसबी आधी, ढोबळी आणि पात शेवटी. फरसबी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून पुसून घेतो. लसूण बारीक चिरून सुरुवातीला टाकला तर करपून कडू होतो, म्हणून भाजीनंतर मधे जागा करून. मीठ शेवटी. सोया सॉस भाजीवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडायचा. तो तिथे चरचरतो आणि जो वास सुटतो त्यासाठी मी ही कढई घेतली. आईची कांदा-लसूण चटणी अर्धा चमचा सॉसमध्येच कालवून घालतो, नुसत्या तेलात ती जळते.

भातासाठी आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला मोकळा भात. तो शिजल्यावर लवकर गार करून आत ठेवावा, रात्रभर बाहेर राहिलेला वापरू नये. चिकनचे पातळ काप अंड्याचा पांढरा, कॉर्नफ्लोअर आणि थोडा सोया सॉस लावून अर्धा तास ठेवले तर लुसलुशीत राहतात. मुलीला आता हॉटेलपेक्षा घरचंच आवडतं, ती तसं स्पष्ट सांगते.

तक्रारीही आहेत. कान इतके तापतात की फडक्याशिवाय हात लावता येत नाही. एका हाताने उडवून परतणं मला या वजनात जमलेलं नाही. धूर होतो, एक्झॉस्ट फॅन नसलेल्या स्वयंपाकघरात रोज हे करू नये. टोमॅटो, चिंच, आमसूल यांनी काळा थर निघतो आणि वांगं काळपट पडतं, त्यासाठी दुसरं भांडं ठेवावं. पाहुणे आले की चार-पाच घाणे होतात आणि पहिला तोवर कोमट झालेला असतो, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

तरी ज्याला भाजी परतायची आहे त्याला मी हीच घ्यायला सांगेन, सपाट तळाचीच, कारण गोल तळ आपल्या शेगडीवर डुलतो. गेल्या महिन्यात आईने स्वतःहून त्यात मेथी केली, मोठ्या आचेवर, उघडी, दोन घाण्यांत. दोडक्यावर मात्र ती झाकण ठेवते, आणि दोडक्याला ते हवंच.