नमुना हातकागदाचा, माल कारखान्याचा

मागच्या संक्रांतीच्या तोंडावर समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याने आम्हाला हातकागद म्हणून कारखान्यातला साधा कागद विकला. रक्कम पाच हजार रुपयांच्या आतली होती. मात्र ज्या पद्धतीने हे घडवून आणले गेले, ती पद्धत घरी शुभेच्छापत्रे, पाकिटे आणि भेटवस्तूंच्या डब्या तयार करणाऱ्या कोणालाही सहज अडकवू शकेल अशी असल्यामुळे हा प्रकार तपशिलाने नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मी सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका कार्यालयात काम करते. मैत्रिणींसाठी आणि सहकाऱ्यांसाठी कागदाच्या वस्तू हाताने करण्याची सवय मला बऱ्याच वर्षांपासून आहे. दिवाळीला पाकिटे, कोणाची बदली झाली तर शुभेच्छापत्र, संक्रांतीला तिळगुळाच्या घडीच्या डब्या, असे हे काम असते. साधा कार्डशीट हरभट रोडवर किंवा गणपती पेठेत हवा तेवढा मिळतो, परंतु चांगला हातकागद माझ्या नेहमीच्या दुकानात एका वेळी चार-सहा तावांच्या वर नसतो. या वेळी जास्त ताव लागणार होते, कारण संपूर्ण कार्यालयासाठी डब्या करायच्या होत्या आणि शिवाय सगळे ज्यांना अण्णा म्हणतात ते आमचे ज्येष्ठ सहकारी जानेवारीअखेर सेवानिवृत्त होणार असल्याने प्रत्येकाने स्वतःच्या हस्ताक्षरात चार ओळी लिहिलेली एक वही त्यांना द्यायचे ठरले होते. वर्गणी जमली आणि कागद आणण्याचे काम माझ्याकडे आले.

ज्या विक्रेत्याशी व्यवहार झाला, तो स्वतःला राजस्थानातील सांगानेरचा कागद-उत्पादक म्हणवत होता. जयपूरजवळचे सांगानेर हातकागदासाठी खरोखरच प्रसिद्ध आहे आणि तेथील खऱ्या कारागिरांचा या प्रकाराशी काही संबंध आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. त्यांच्या नावाचा उपयोग केला गेला, एवढेच. मी आधी नमुने मागवले. पैसे घेऊन पाठवलेले ते चार तुकडे निर्दोष होते. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद बोटांना जसा मऊ तरीही भरीव लागतो तसेच ते लागत होते, आणि पेनाची शाई त्यांवर न पसरता बसत होती. त्या भरवशावर २२ बाय ३० इंचांचे, २२० जीएसएमचे शंभर ताव ठरले. त्यांतले काही पांढरे, काही फुलांच्या पाकळ्या घातलेले आणि पंचवीस ‘हळदीच्या नैसर्गिक रंगाचे’ असतील, असे त्याने लेखी कळवले. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल कुरियरकडे देण्यापूर्वी, अशी त्याची अट होती. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय त्याने ‘हातकागदाला दमट हवा बाधते, पार्सल परत आले तर ताव वाया जातात’ असे कारण सांगून नाकारली. कारण ऐकायला पटण्यासारखे आहे, आणि म्हणूनच ते सांगितले जाते.

पार्सल आले तेव्हा त्यावरील चिठ्ठीवर खोक्यासह वजन सहा किलोच्या आत होते. येथे थोडा हिशेब मांडते, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. २२ बाय ३० इंचांच्या तावाचे क्षेत्रफळ सुमारे ०.४२६ चौरस मीटर भरते. त्यामुळे २२० जीएसएमचा एक ताव साधारण ९४ ग्रॅमचा आणि असे शंभर ताव खोके सोडून सव्वानऊ ते साडेनऊ किलोंचे असायला हवेत. मी स्वयंपाकघरातील काट्यावर दहा ताव गुंडाळून ठेवले, तर ते ५५० ग्रॅम भरले. म्हणजे कागद १३० जीएसएमच्या आसपासचा होता.

मी तत्काळ दूरध्वनी केला. उत्तर अत्यंत शांतपणे आणि स्वच्छ मराठीत आले : “मॅडम, हाताने केलेल्या वस्तूत थोडाफार फरक राहणारच. मशीनसारखा एकसारखा माल हवा असेल, तर मग हातकागद कशाला घेता?” हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे देत आहे. हातकागदाच्या तावांत फरक असतो, हे सत्य आहे. कारागीर जाळीची चौकट लगद्याच्या हौदात बुडवून एकेक ताव उचलतो, पाणी निथळू देतो, ओला ताव कापडावर उलटवतो, दाबतो आणि वाळवतो. त्यामुळे एखादा ताव किंचित जाड आणि दुसरा किंचित पातळ होणे स्वाभाविक आहे. परंतु असा फरक गठ्ठ्यात दोन्ही बाजूंना असतो. शंभरच्या शंभर ताव एकाच मापाने हलके असतील, तर तो हाताचा फरक नव्हे. कारागिरीतील या प्रामाणिक त्रुटीची ढाल पुढे करून लबाडी लपवणे हा मला पैशांच्या अपहारापेक्षाही अधिक संतापजनक प्रकार वाटतो.

वजनानंतर मी कागदच तपासला. चौकटीत तयार झालेल्या तावाच्या चारही कडा मुळातच अनियमित असतात आणि काठाकडे कागद पातळ होत जातो. आमच्या तावांच्या कडा पट्टी धरून फाडलेल्या होत्या, कारण अगदी टोकापर्यंत जाडी तीच होती. मग एक ताव मी आधी उभा आणि नंतर आडवा फाडला. कारखान्यात कागद सरकत्या जाळीवर तयार होतो, त्यामुळे त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात आणि तो एका बाजूने सरळ, तर दुसऱ्या बाजूने वेडावाकडा फाटतो. हाताने उचललेल्या तावात असा ठळक फरक जाणवत नाही. आमचा ताव एका बाजूने रेघ मारल्यासारखा फाटला. एका पृष्ठभागाला पाणी लावलेली पट्टी लगेच एकाच दिशेने गुंडाळली गेली, तीही याच कारणाने. पाकळ्यांचे ताव भिंगाखाली पाहिले, तेव्हा पाकळ्यांच्या जागी छपाईचे बारीक रंगीत ठिपके दिसले. पृष्ठभागाचा खडबडीतपणा नक्षीच्या रुळाखाली दाबून आणलेला होता, आणि तोच तोच ओरखडा तावाच्या लांबीत ठरावीक अंतराने पुन्हा येत होता.

हळदीच्या तावांची परीक्षा मात्र आमच्या सासूबाईंनी घेतली. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात हळदीच्या नावावर काहीतरी खपवण्याचे धाडस त्या विक्रेत्याने केले, याचे त्यांना अधिक नवल वाटले. हळदीच्या पाण्यात चुना मिसळला की ते लाल होते, हे ओवाळून टाकायचे लाल पाणी करणाऱ्या कोणत्याही घरात ठाऊक असते. हळदीतील रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात तांबडे होते, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. त्यांनी चुन्याची निवळी कापसाच्या बोळ्याने त्या पिवळ्या तावावर लावली. ताव पिवळाच राहिला. पडताळणीसाठी साध्या कागदावर हळदीचे पाणी फासून, वाळवून तीच निवळी लावली, तेव्हा डाग तांबडा झाला.

या सर्व गोष्टींची छायाचित्रे पाठवल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. ‘तुम्ही जुन्या ग्राहक आहात, पूर्ण रक्कम परत करतो’ असा संदेश आला, वास्तविक तो आमचा पहिलाच व्यवहार होता. त्यापाठोपाठ एक क्यूआर कोड आला आणि तो स्कॅन करून यूपीआयचा पिन टाकल्यास परताव्याची रक्कम खात्यात जमा होईल, असे सांगण्यात आले. मी तो स्कॅन केला नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे बाहेरच जातात. निकृष्ट माल पाठवणे ही या फसवणुकीची पहिली पायरी असून चिडलेल्या ग्राहकाला परताव्याच्या आशेने पुन्हा लुटणे ही दुसरी पायरी असावी, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे. नकार दिल्यानंतर त्याने माझा क्रमांक बंद केला.

त्याने पाठवलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक होता. पंधरा अंकाक्षरांच्या या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : राजस्थानसाठी ०८, महाराष्ट्रासाठी २७. राजस्थानचा म्हणवणाऱ्या या उत्पादकाच्या क्रमांकाची सुरुवात २७ ने होत होती. जीएसटीच्या शासकीय संकेतस्थळावर कोणताही क्रमांक विनामूल्य शोधता येतो. तेथे हा क्रमांक कागदाशी सुतराम संबंध नसलेल्या, दुसऱ्याच एका व्यवसायाच्या नावे निघाला, आणि त्या बिचाऱ्या व्यावसायिकाला याची कल्पनाही नसावी. रक्कम ज्या यूपीआय खात्यावर गेली, त्यावरील नाव बिलावरील नावाहून निराळे, एका व्यक्तीचे होते.

तक्रारीचे दोन मार्ग मी अवलंबले. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. येथे वेळेला फार महत्त्व असते, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते. आमच्या बाबतीत माल पोहोचेपर्यंत ती वेळ निघून गेली होती. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी नोंद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे विक्रेता कोठलाही असला तरी सांगलीतच अर्ज करता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे, यात शंका नाही. परंतु नोटीस बजावायला विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो, आणि आमचे घोडे तेथेच अडले आहे. हे लिहीत असेपर्यंत रक्कम परत मिळालेली नाही.

कागदाचे काय झाले, तेही सांगते. तिळगुळाच्या डब्या त्याच तावांच्या कराव्या लागल्या. आडव्या घडीवर कागद तडकत असल्याने आतून बटर पेपरची पट्टी चिकटवून त्या कशाबशा उभ्या केल्या. अण्णांच्या वहीसाठी मात्र तो कागद वापरणे शक्यच नव्हते. पेनाची शाई त्यावर फुटत होतीच. शिवाय खिडकीत अर्ध्यावर पुस्तक ठेवून सोडलेल्या तावाचा उघडा भाग काही दिवसांत वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन हे द्रव्य काढून टाकलेले नसले की उन्हात असे होते. सुती चिंध्यांचा कागद किती टिकतो, हे जुन्नर आणि दौलताबादच्या जुन्या कागदांवरील मोडी दप्तरे पाहिलेल्यांना सांगायला नको. पुण्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्याने शिवाजीनगरच्या, १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेतून वहीपुरते ताव स्वखर्चाने आणून दिले, आणि निरोप समारंभाच्या आदल्या रात्री आम्ही चौघींनी ती वही शिवली.

अलीकडे त्याच विक्रेत्याची छायाचित्रे दुसऱ्या नावाच्या पानावर पुन्हा दिसू लागली आहेत. तेच लाकडी टेबल, तीच पितळी कात्री आणि तेच हळदीचे ताव. यापुढे राखीपौर्णिमा आणि दिवाळीची पाकिटे यांसाठी मागणी वाढेल. अशा पानावरून कागद घेणारच असाल, तर जीएसएम आणि तावाचे माप यांबरोबर संपूर्ण गठ्ठ्याचे वजन किलोमध्ये लेखी मागून घ्यावे, आणि कुरियरच्या पावतीवरील वजन त्याच्याशी जुळल्याशिवाय उरलेली निम्मी रक्कम देऊ नये.