पॉपिन्स बोल्ड इटालिक: काही महिने वापरल्यानंतर

पोळ्याच्या आधीपासून नागपुरातल्या आमच्या फ्लेक्स-छपाईच्या दुकानात पॉपिन्स या फाँटाचा बोल्ड इटालिक, म्हणजे जाड आणि तिरपा प्रकार, चालवतोय. फ्लेक्स, गाड्यांवरचं रेडियम (चिकटवायची कापीव अक्षरं), व्हिजिटिंग कार्ड, दरपत्रक, जे काम आलं त्यावर लावून पाहिला. मत आधीच सांगून टाकतो: इंग्रजीला झकास, मराठीत चार-पाच शब्दांपर्यंत उत्तम, त्यापुढे मात्र सरळ बोल्डच घ्या.

मुळात हा घेतला कारण देवनागरीत तयार इटालिक फार कमी फाँटांत मिळतो. मुक्ता फाँट आम्ही भरपूर वापरतो, त्यात सात वेट (जाडीचे प्रकार) आहेत, पण तिरपं एकही नाही. बालू फाँटातही नाही. आणि बैद्यनाथ चौकाकडचे ट्रॅव्हल्सवाले, जिमवाले, कुरिअरवाले सगळ्यांची फर्माईश एकच: "भाऊ, अक्षर थोडं तिरपं घ्या न, गाडी पळून राहिली असं वाटलं पाह्यजे." मग आपण कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये सरळ अक्षर स्क्यू करतो, म्हणजे ओढून तिरपं करतो. स्क्यू केलं की गोलाईची जाडी बिघडते, एका कोपऱ्यात रेघ फुगते आणि शेजारच्या कोपऱ्यात बारीक होते. व, ब, क यांची पोटं लगेच चुगली करतात. बारक्या कामात ते खपून जातं, वीस फुटी फ्लेक्सवर नाही.

पॉपिन्स इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ चा. देवनागरी निनाद काळे यांची, लॅटिन (इंग्रजी अक्षरं) जॉनी पिनहॉर्न यांचं. सुरुवातीला पाचच वेट होते, पुढे नऊ झाले आणि प्रत्येकाला इटालिक आला. परवाना खुला आहे, धंद्यासाठीही फुकट. घडण भौमितिक: वर्तुळावर बेतलेली अक्षरं, रेघ जवळपास सगळीकडे सारख्याच जाडीची, फक्त जिथे दोन रेघा मिळतात तिथे किंचित कातरलेली, म्हणजे शाईचा गोळा दिसत नाही. इंग्रजी कॅपिटल देवनागरीपेक्षा मुद्दाम बुटके ठेवले आहेत आणि स्मॉल अक्षरं चांगली उंच. नागपुरी बोर्डावर एका ओळीत दोन्ही भाषा असतातच, तिथे याचा फायदा कळतो. इंग्रजी शब्द मराठीच्या डोक्यावर बसत नाही.

आता तिरपेपणाचं. इटालिक हा प्रकार १५०१ च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियसच्या छापखान्यातून आला, तोही हस्ताक्षराच्या वळणावरून. आपल्या लिपीत जोर द्यायला अक्षर तिरपं करायची तशी जुनी रीत नाही. पॉपिन्सही हस्ताक्षराच्या वाटेला जात नाही, सरळ अक्षर नुसतं पुढे झुकतं. इंग्रजी छोटा 'ए' सरळमध्येही एकमजलीच (वरचा वळसा नसलेला) असल्यामुळे झुकल्यावर त्याचं रूप बदलत नाही. चालू मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून रेग्युलरचा इटालिक घेतला तर फारसं काही उठत नाही. बोल्ड घेतला की जाडीच ते काम करते.

देवनागरीत शिरोरेघ आडवी राहते आणि दंड झुकतात, त्यामुळे ज्या शब्दांत दंड जास्त ते छान पळतात. मारबतीच्या मिरवणुकीसाठी एका मंडळाला 'घेऊन जा गे मारबत' एवढंच लावून दिलं, पिवळ्यावर काळं. रफार नाही, जोडाक्षर नाही. या फाँटासाठीच बनल्यासारखी ओळ होती ती. उलट चितार ओळीतल्या एका मूर्तिकाराच्या कार्डावर हाच फाँट रुसला. वेलांटी आणि रफार झुकल्यावर उजवीकडे सरकतात, त्यात बोल्डची जाडी, आणि 'मूर्ती'च्या डोक्यावर नुसती गर्दी. द्ध, ष्ट, क्ष नऊ पॉइंटच्या खाली बुजतात. त्या कार्डावर शेवटी सेमीबोल्ड सरळ लावला आणि नाव केशरी केलं.

रेडियम कटिंगला मात्र मी याच्यावर खूश आहे. रेघ कुठेच केसासारखी बारीक होत नाही, त्यामुळे नको असलेलं विनाइल उचलताना अक्षर फाटत नाही. बसच्या काचेवर 'नागपूर–पुणे' दुरून वाचता येतं, तेही गाडी चालू असताना. फक्त प्लॉटरला (कापायच्या मशीनला) देण्याआधी सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, वेल्ड करा, म्हणजे एकत्र जोडा. मात्रा आणि शिरोरेघ एकमेकांवर चढलेल्या असतात, वेल्ड केलं नाही तर सुरी प्रत्येक सांध्यातून फिरते.

आकडे ठसठशीत आहेत, मोबाइल नंबरासाठी याहून चांगलं काही सध्या माझ्याकडे नाही. पण दरपत्रकात वापरू नका. अंकांची रुंदी सारखी नाही, एकाचा आकडा अरुंद, त्यामुळे एकाखाली एक रकमा लावल्या की रकाना डुलतो.

बारीकसारीक: युनिकोड असल्याने व्हॉट्सअॅपवर आलेलं मॅटर थेट पेस्ट होतं, कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटासारखं कन्व्हर्टरमधून काढावं लागत नाही. इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं फुटली तर फाँटाला शिव्या देण्याआधी पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. ओळीच्या शेवटी वेलांटी असेल तर ती चौकटीबाहेर झुकते, इमेज काढताना उजवीकडे जागा सोडा. आणि मधोमध लावलेली तिरपी ओळ डोळ्याला मधोमध वाटत नाही. सॉफ्टवेअर काहीही म्हणो, मी ती हातानेच सरकवतो.

आता हिवाळी अधिवेशन आलं की स्वागताच्या फ्लेक्सची रांग लागेल. एकेका फ्लेक्सवर वीस-वीस चेहरे आणि प्रत्येकाखाली नाव. नावं सरळ बोल्डमध्ये आणि वरची घोषणा तेवढी बोल्ड इटालिकमध्ये, असं ठरवून टेम्पलेट करून ठेवलंय. लग्नपत्रिकेसाठीही एक-दोघांनी हाच मागितला, त्यांना मी सरळ नाही म्हटलं.